दिवेलागणीचा हिशेब

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. आमच्या वडील भगिनी मिरजेस असतात. वय वर्षे ८६. प्रवास आता त्यांना झेपत नाही आणि खरे सांगावयाचे तर आम्हांलाही फारसा झेपत नाही, म्हणून अलीकडे ओवाळणी फोनवरच होते. अक्का तिकडे निरांजनाचे तबक धरतात आणि आम्ही इकडे बडोद्यात पाटावर बसून फोनच्या काचेपुढे मान लववतो. पूर्वी भाऊबीजेचे पत्र तुळशीच्या लग्नाच्या सुमारास हाती पडे. तेव्हा या यंत्राचे उपकार आम्ही मानतो, हे आरंभीच नमूद करून ठेवलेले बरे. कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते वाचून आम्ही यंत्रद्वेष्टे आहोत असा कोणाचा समज होऊ नये.

ओवाळणे झाल्यावर अक्कांनी आमच्या धाकट्या नातवाला जवळ बोलावले. तो सात वर्षांचा आहे.

“जेवलास का रे बाळा?”

“हो.”

“काय जेवलास?”

नातू गप्प.

“आईनं गोड काय केलं होतं?”

नातवाने एकदा आमच्याकडे पाहिले, एकदा आईकडे पाहिले, आणि “आजोबा, तुम्हीच सांगा ना,” असे म्हणून फोन आमच्या हाती देऊन तो अगाशीकडे पळाला. बासुंदी त्यास ठाऊक नव्हती असे नाही. त्याच दुपारी शेजारच्या मुलांपुढे त्याने तिचे रसभरित वर्णन गुजराथीत केलेले आम्ही याच कानांनी ऐकले होते. अक्का क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, “माझं बोलणं त्याला कळतंय रे. पण उत्तर द्यायला त्याच्यापाशी शब्द नाहीत.”

ते वाक्य आमच्या जिव्हारी लागले. अक्कांच्या ते ध्यानात आले असावे. विषय बदलावा म्हणून त्यांनी मोहित्यांचे वडगाव या गावाची हकीकत सांगितली. हे गाव त्यांच्याच सांगली जिल्ह्यातील. तेथील ग्रामस्थांनी २०२२ साली असे ठरविले की, रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजवावयाचा आणि तेथून दीड तास घरोघरचे टीव्ही व फोन बंद ठेवावयाचे. मुलांनी अभ्यास करावा, थोरांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे, हा हेतू. “तुझ्या घरात वाजव की असा एक भोंगा,” अक्का म्हणाल्या.

भोंगा वाजविण्याचे काम आम्ही तत्काळ अंगावर घेतले. त्या रात्री पानावर बसल्या बसल्या आम्ही घरच्या मंडळींना उद्देशून एक छोटेखानी व्याख्यान दिले. विषय अर्थातच स्मार्टफोन. (शुद्ध मराठीत यास ‘भ्रमणध्वनी’ म्हणावे असे विद्वान सांगतात, परंतु आमच्या घरात त्या नावाने हाक मारल्यास कोणी ओ देणार नाही, म्हणून येथेही ‘फोन’ असेच लिहितो.) या फोनने नव्या पिढीचा वेळ खाल्ला, वेळेबरोबर भाषा खाल्ली, आणि मुलांच्या हातून तो काढून घेतल्याखेरीज तरणोपाय नाही, असा आमच्या भाषणाचा मथितार्थ होता. चिरंजीव खाली मान घालून जेवत होते. ते अंतर्मुख झाले आहेत असे आम्हांस वाटले. मागाहून कळले की त्यांच्या मांडीवर फोन होता.

आमची थोरली नात अकरावीत आहे व अर्थशास्त्र शिकते. तिने शांतपणे विचारले, “आजोबा, तुमचा रोजचा वेळ किती?”

“माझा? फार तर तासभर.”

तिने आमचा फोन मागितला. २०१८ सालापासून फोनच्या कारभाऱ्यांनीच या यंत्रात एक हिशेबनीस आणून बसविला आहे. ॲपलने ‘स्क्रीन टाइम’ या नावाने, तर गूगलने ‘डिजिटल वेलबीइंग’ या नावाने. दिवसातून किती वेळा फोन उघडला, कशापुढे किती मिनिटे घालविली, याची तो बिनबोभाट नोंद ठेवतो. चोरानेच पंचनामा लिहावा असा हा प्रकार आहे. आमचा त्या दिवसाचा आकडा निघाला ४ तास ३५ मिनिटे. नातीचा ३ तास ५० मिनिटे.

व्याख्यान तेथेच समाप्त झाले. पण विषय संपला नाही, कारण नातीने एक सूचना मांडली. केंद्र सरकारचे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय लोकांच्या वेळेची पाहणी करते. देशभर अशी पहिली पाहणी २०१९ साली झाली. त्याआधी १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत प्रायोगिक पाहणी झाली होती आणि त्या सहांत गुजरात व मध्य प्रदेश ही दोन्ही होती. म्हणजे आमच्या पुष्कळ वाचकांची घरे त्या पट्ट्यात येतात. या पाहणीची रीत साधी आहे. पहाटे ४ पासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे ४ पर्यंतच्या २४ तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडावयाचे, आणि कोणी केव्हा काय केले ते त्यांत भरावयाचे. “आपणही आठवडाभर लिहू,” नात म्हणाली. अट एकच : त्या आठवड्यात कोणी कोणास बोलावयाचे नाही. वही तिच्याकडे राहील. पुढल्या रविवारी सकाळी झोपाळ्यावर बसून वाचन होईल.

त्याप्रमाणे रविवार उजाडला आणि वाचन झाले. ते जसे झाले तसे येथे देतो.

प्रथम चिरंजीव. ते एका रासायनिक कारखान्यात अधिकारी आहेत. त्यांचा रोजचा सरासरी आकडा ५ तास १० मिनिटे. घरात सर्वांत मोठा. परंतु त्यांतील निम्म्याहून अधिक वेळ कारखान्याच्या निरोपांचा निघाला. आमच्या नोकरीच्या काळी पाळी संपली की काम फाटकाच्या आत राही. आता ते खिशात बसून घरी येते, जेवताना मांडीवर बसते व रात्री उशाशी निजते. या वेळेस आळस म्हणता येईना आणि करमणूकही म्हणता येईना.

सूनबाईंचा आकडा २ तास ४० मिनिटे. मात्र रकाने पाहता असे दिसले की, त्यांचा कोणताही सलग वेळ २० मिनिटांपलीकडे गेलेला नव्हता. कुकरच्या शिट्या होईपर्यंत थोडा, दूध तापेपर्यंत थोडा, असा तो वेळ होता, आणि त्यात गॅसच्या टाकीची नोंदणी, विजेचे बिल, धाकट्याच्या शाळेच्या सूचना व आमच्या औषधांची मागणी इतकी कामे उरकलेली होती. २०१९ च्या सरकारी पाहणीत असे आढळले होते की, घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत दोघांमधील अंतर २०२ मिनिटांवरून २०१ मिनिटांवर आले! सूनबाईंच्या हाती फोन दिसला की ‘काय सारखा फोन’ असे आमच्या तोंडून अनेकदा निघून गेले आहे. तो फोन पुष्कळदा आमच्याच रक्तदाबाच्या गोळ्या मागवीत होता.

नातीचा आकडा वर आलाच आहे. सप्ताहाची सरासरीही तितकीच भरली. त्यांतील सव्वा तास अभ्यासाचा. बाकीचा मैत्रिणींशी गप्पांचा आणि त्या एकामागून एक येणाऱ्या चिमुकल्या चित्रफितींचा. त्यातला बराचसा रात्री १० नंतरचा होता. हे तिने स्वतःच्या हाताने लिहिले होते आणि कोठे खाडाखोड केली नव्हती, याचे आम्हांस कौतुक वाटले.

सौभाग्यवतींचा आकडा १ तास ५५ मिनिटे. पैकी तासाहून अधिक वेळ त्यांच्या दोन बहिणींचा. एक इंदूरला, दुसरी ग्वाल्हेरीस. तिघी मिळून रोज दुपारी फोनवर एकमेकींना पाहत बोलतात. मेतकुटापासून मोतीबिंदूपर्यंत कोणताही विषय त्यांना वर्ज्य नाही.

धाकट्याला स्वतःचा फोन नाही; तरी त्याचे १ तास १५ मिनिटे निघाले. कशावर? आमच्या जुन्या फोनवर. तो त्यास दिला कोणी? आम्हीच; त्याने आमचा नवा फोन मागू नये म्हणून.

राहता राहिलो आम्ही. सरासरी ४ तास ३५ मिनिटे, आणि त्यांतील १ तास ४० मिनिटे संध्याकाळी ७ ते ९ या वेळेतील. शिवाय काच काळी करून नुसते ऐकलेले कीर्तन हा हिशेबनीस जमेस धरीत नाही, हे नातीने मुद्दाम लक्षात आणून दिले.

तान्ह्या बाळांसाठी वैद्यकांनी मर्यादा आखून दिल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की, वर्षाच्या आतील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाहून अधिक दाखवू नये. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०२१ साली दोन वर्षांखालील मुलांस पडदा वर्ज्य ठरविला. परंतु सत्तरी ओलांडलेल्या बालकांसाठी अशी काही मर्यादा आमच्या पाहण्यात आलेली नाही. आणि त्याचा आम्ही पुरेपूर फायदा घेतला होता, हे वहीवरून सिद्ध झाले.

तथापि खरा धक्का पुढेच होता. नातीने कोणालाही न सांगता वहीत एक जादा रकाना पाडला होता. त्याचे शीर्षक असे : ‘धाकट्याने काय विचारले, काय उत्तर मिळाले.’ वेळ संध्याकाळी ७ ते ९. रविवार ते गुरुवार या पाच दिवसांत धाकट्याने आम्हांला २३ प्रश्न विचारले होते. पाल भिंतीवरून खाली का पडत नाही? सुरसागरातल्या शंकराला पावसात थंडी वाजते का? तुमच्या आजोबांना दात होते का? त्यांपैकी १६ प्रश्नांपुढे एकच अक्षर होते : ‘हं’. चार प्रश्नांपुढे ‘थांब जरा’ असे होते. उरलेल्या तिन्हींना आम्ही उत्तरे दिली होती. पण त्यांतील एक दुसऱ्याच प्रश्नाचे होते. शुक्रवारच्या रकान्यात एकही प्रश्न नव्हता. शनिवारी एक होता, पण तो शेजारच्या काकांना विचारलेला होता, आणि गुजराथीत. त्यांनी त्यास नीट उत्तर दिले होते.

झोपाळा थांबला. कोणी काही बोलले नाही. बोलावयाचे नाही अशी अटच होती. पण ती नसती तरी कोणी बोलले असते असे वाटत नाही.

आम्ही मनातल्या मनात बचावाचे भाषण जुळवू लागलो. आमचा सगळा वेळ मराठीतच गेला होता! जुनी नाट्यपदे, व्याख्याने, कीर्तने, मुंबई-पुण्याच्या बातम्या. तरुणपणी या गोष्टींसाठी आम्ही किती तळमळलो होतो. पुण्याचे वर्तमानपत्र येथे दुसऱ्या दिवशी शिळे होऊन येई. नाटक मंडळींचा दौरा आला की महिनाभर त्याच गप्पा चालत. आता तेच सारे बोटावर आले असताना आम्ही ते ऐकले, तर तो भाषेचा द्रोह कसा? उलट, मराठी आमच्या कानांवर आज जितकी पडते तितकी जन्मात कधी पडली नव्हती.

आणि येथेच आमचा युक्तिवाद आमच्याच अंगावर उलटला. कानांवर पडते खरी. पण ती आमच्या कानांवर. त्या कानांना तिची गरज नव्हती. ते सत्तर वर्षांपूर्वीच तयार झालेले आहेत. ज्या कानांना तिची गरज होती ते आमच्या गुडघ्याशी उभे होते, आणि त्यांच्या वाट्यास ‘हं’ आला होता. दिवसाकाठी आम्ही चार-चार तास मराठी ऐकत होतो, पण बोलत किती होतो?

ऐकणे आणि बोलणे यांतील हा फरक शास्त्रज्ञांनीही पारखून पाहिला आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना त्यांनी १२ बैठकांत चिनी भाषा ऐकविली. काही बाळांपुढे ती भाषा बोलणारे माणूस प्रत्यक्ष बसून पुस्तक वाची व खेळणी दाखवी. काहींना तेच बोलणे पडद्यावरून दाखविले, तर काहींना नुसता आवाज ऐकविला. ज्यांच्यापुढे माणूस बसले होते त्या बाळांना चिनी भाषेतील बारीक ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. पडद्यावरून वा नुसत्या आवाजातून ऐकणाऱ्यांना ते साधले नाही. भाषा तीच आणि वेळही तितकाच. उणीव होती ती समोरच्या माणसाची. आमचा नातू काही नऊ महिन्यांचा नाही. पण ज्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही तो प्रश्न मूल त्या भाषेत पुन्हा विचारीत नाही, एवढे तर आमच्या वहीनेच सांगितले.

महाराष्ट्रात राहणाऱ्या आजोबांची गोष्ट निराळी आहे. सातारचा किंवा सोलापूरचा एखादा आजोबा दिवसभर फोनमध्ये बुडून गेला, तरी त्याच्या नातवाला भाजीवाली मराठीत ओरडून भाव सांगते, एस. टी.चा वाहक मराठीत दरडावतो, मैदानावरची पोरे मराठीत भांडतात. आजोबांनी सोडलेले काम गाव करते. आपल्याकडे तसे नाही. बडोद्याचा रस्ता गुजराथी बोलतो, इंदूर-ग्वाल्हेरचा हिंदी, हैदराबादचा तेलुगू व दखनी, बेळगावात घराबाहेर मराठीसोबत कानडीही असते. शाळा बहुतेकांच्या इंग्रजी. उरते काय? दिवेलागणीपासून जेवणापर्यंतचे दीड-दोन तास. तेवढाच आमच्या मराठीचा मुलूख आहे. आणि या मुलुखात नातवंडांशी मराठी बोलण्यास सवड असलेले माणूस घरात एकच असते, ते म्हणजे आजी नाही तर आजोबा. म्हणून आमच्या पिढीचे फोनपुढील तास हे चिरंजीवांच्या किंवा नातीच्या तासांहून महाग आहेत. आमच्या इतक्या वर्षांच्या समजुतीच्या अगदी उलट हा निष्कर्ष होता.

अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर आपली मंडळी येथे आली. पुढे सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले, १९१० पासून गावोगाव ग्रंथालये उभारली, पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरविल्या. त्या राज्याचे आम्हांस आजही भूषण वाटते. परंतु आमच्या घरातील मराठी दरबाराने टिकविली असे म्हणणे धाडसाचे होईल. दरबार गेल्यालाही आता पाऊणशे वर्षे उलटली. तंजावरकडे पाहावे. तेथील मराठी राज्य १८५५ साली संपुष्टात आले. तेथील मराठी घराण्यांना त्यानंतर दरबार राहिला नाही, भोवताली तमिळ, आणि कित्येक घरांत तर देवनागरी अक्षरओळखही मागे पडली. तरीसुद्धा तेथील घरांतून मराठी आजतागायत बोलली जाते. कोणत्या बळावर? चुलीपाशी व ओसरीवर मुलांच्या प्रश्नांना मराठीत उत्तरे मिळत राहिली, याच बळावर.

येथे कोणी म्हणेल की, प्रत्येक पिढी पुढच्या पिढीच्या हातातील वस्तूला नावे ठेवीत आलीच आहे. खरे आहे. कादंबऱ्यांनी मुले बिघडतात असे आमच्या आज्यांचे मत होते. १९५२ साली सुरू झालेल्या बिनाका गीतमालेने बुधवारच्या रात्री अभ्यास बुडतो अशी तक्रार आमच्याच वडिलांची होती. १९८७ साली ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, आणि त्यावरही टीका करणारे होतेच. पण रेडिओ आणि टीव्ही घरात एक-एकच असे. त्याच्यापुढे घर गोळा होई. ऐकता ऐकता सून सासऱ्यांना शब्दाचा अर्थ विचारी, आणि गीतमालेचे पहिले गाणे कोणते यावरून भावंडांत वाद होत. शिवाय ते कार्यक्रम संपत असत. या आपल्या मासिकालाही शेवटचे पान असते. ते आले की वाचक ते मिटून चहा टाकावयास उठतो. फोनला शेवटचे पान नाही. एक चित्रफीत संपण्यापूर्वीच दुसरी दारात उभी असते, आणि ती आपल्याच आवडीची निवडलेली असते. प्रत्येकाच्या हाती निराळा फोन, आणि प्रत्येक फोन अखंड. हा योग पूर्वी नव्हता. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेटचे दर कोसळले आणि हा योग घरोघर आला. २०२० मध्ये तर शाळाच फोनमध्ये भरली, तेव्हा तो मुलांच्या हाती आपण आपल्याच हातांनी ठेवला.

म्हणून नुसती मिनिटे मोजून भागत नाही, असेही या वहीने आम्हांस शिकविले. सौभाग्यवतींचा बहिणींशी बोलण्याचा तास आणि आमचा नाट्यपदांचा तास फोनच्या हिशेबी सारखाच आहे. पण त्यांच्या तासात तीन गावची माणसे मराठीत बोलतात; आमच्या तासात एक माणूस गप्प होतो. फोन किती वेळ पाहिला याबरोबरच तो कोणत्या वेळी पाहिला, आणि त्या वेळी शेजारी कोण वाट पाहत होते, हेही विचारावयास हवे.

त्यानंतर आमच्या घरात भोंगा आला. म्हणजे देवघरातली घंटाच. रोज ७ वाजता धाकटा ती वाजवितो, आणि सर्वांचे फोन फडताळात जातात, ते साडेआठापर्यंत. चिरंजीवांच्या कारखान्याचा फोन वाजला तर घ्यावयाचा, एवढी सवलत आहे. सर्वांत आधी आमचा फोन आत जातो, हा नियम नातीने केला आहे.

पहिल्या संध्याकाळी फजिती झाली. दहा मिनिटांत विषय संपले आणि सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पूर्वी या वेळेला शुभंकरोती होई, परवचा होई, पावकी-निमकी घोकली जाई. वेळ कसा घालवावा हा प्रश्नच नसे. अखेर सौभाग्यवती मेथीची जुडी घेऊन निवडावयास बसल्या आणि धाकटा त्यांच्यापाशी सरकला. देठ म्हणजे काय, जुडी का म्हणतात, पेंढी निराळी का, असे सुरू झाले. दुसऱ्या दिवशी त्याने आम्हांला पालीचा प्रश्न पुन्हा विचारला. आम्हांला उत्तर ठाऊक नव्हते. तसे आम्ही सांगितले आणि मग दोघांनी मिळून बराच वेळ भिंतीवरची पाल पाहिली.

सर्व काही आलबेल झाले, असे मात्र म्हणवत नाही. नातीचा रात्री १० नंतरचा वेळ अद्याप तेवढाच आहे. तो आपला आपण कमी करीन असे ती म्हणते. चिरंजीवांचा कारखाना साडेआठाच्या ठोक्याला त्यांच्या खिशात परत येतो. आमचा आकडा ३ तासांच्या आसपास उतरला आहे. रात्री जेवण आटोपल्यावर आम्ही नाट्यपदे ऐकतोच आणि ती सोडण्याचा विचारही नाही. एखाद्या संध्याकाळी ‘हं’ तोंडून निघून जातो. तसे झाले की धाकटा वही आणावयास धावतो.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही अक्कांना फोन लावला. तिळगूळ घ्या झाले, प्रकृतीची चौकशी झाली, आणि त्यांनी धाकट्यास बोलावले. आम्ही धास्तावलेलेच होतो.

“काय केलंस रे काल?”

“पतंग चगवला.”

“काय केलास?”

“चगवला! अगाशीवरून!”

पतंग ‘चगवणे’ हे आमचे खास बडोद्याचे मराठी, गुजराथीतून आलेले. मिरजेच्या कानांना ते कसे उमगावे? अक्का म्हणाल्या, “चगवला म्हणजे काय ते मला नाही बाई ठाऊक. तू सांग.” आणि धाकटा सांगू लागला. दोरा कसा सोडतात, वारा नसला तर काय करतात, फिरकी ताईने धरली होती पण ती मध्येच जांभया देत होती, शेजारच्याने पतंग कापला तेव्हा आपण कसे रडलो नाही. शब्द अडत होते. चार ठिकाणी गुजराथी येत होते. दोन ठिकाणी त्याने हातवारे केले. पण फोन त्याने आमच्या हाती दिला नाही. सहा-सात मिनिटे तो बोलत होता, आणि त्या सहा-सात मिनिटांत आम्हांला कोणी काही विचारले नाही.

वाचकहो, आपल्या घरीही अशी एक वही घालावी, अशी आमची विनंती आहे. एकच आठवडा घालावी, कोणास काही न बोलता. घरातील सर्वांत वडील माणसाने आपला रकाना सर्वांआधी भरावा. आणि संध्याकाळी ७ ते ९ या वेळेपुढे एक जादा रकाना अवश्य पाडावा : मुलांनी काय विचारले, आणि उत्तर काय मिळाले.